मज्जारज्जूच्या इजेनंतर पायातील रक्ताची गुठळी : इंदूरमधील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मज्जारज्जूला इजा झालेला माणूस इस्पितळातून घरी येतो, तेव्हा घरच्यांना दोन गोष्टींची धास्ती चांगली ठाऊक असते: एक बेडसोअरची आणि दुसरी लघवीच्या संसर्गाची. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊन तिचा तुकडा फुफ्फुसात जाण्याचा तिसरा धोका मात्र डिस्चार्जच्या गडबडीत एखाद्या वाक्यात उरकला जातो. वास्तविक पहिल्या काही महिन्यांत अचानक जीव जाण्याच्या प्रमुख कारणांपैकी तो एक आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतील मराठी घरांत जाऊन अशा रुग्णांचे व्यायाम घेताना मला सर्वत्र एकच समजूत आढळते, ती म्हणजे पाय दुखत नाही, त्याअर्थी पाय ठीक आहे. ज्या पायाला संवेदनाच उरलेली नाही, त्याच्या न दुखण्यावरून काहीही ठरवता येत नाही. जे काम एरवी वेदना करते, ते येथे घरच्यांच्या डोळ्यांनी, हातांनी आणि एका साध्या टेपने करावे लागते. ते कसे करावे आणि काय दिसल्यावर कोणते पाऊल उचलावे, हे पुढे क्रमाने दिले आहे. औषध कोणते आणि किती, हे मात्र उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील.

धोका कशामुळे आणि केव्हा

शिरेत गुठळी होण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरतात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्चो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखले जाते. मज्जारज्जूच्या इजेत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. निरोगी माणसाच्या पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आवळले जाऊन पायातले रक्त वर ढकलतात, आणि लकवा झालेल्या पायात हे ढकलणेच थांबते. शिवाय शिरांच्या भिंतींचा ताण नियंत्रित करणाऱ्या नसांचा संदेश तुटल्यामुळे शिरा सैल पडतात व रक्त पायात साचून राहते. त्यातच अपघात आणि शस्त्रक्रिया यांमुळे शरीर रक्तस्राव थांबवण्याच्या तयारीत असते, त्यामुळे रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठते.

इजेनंतर साधारण तिसऱ्या दिवसापासून धोका वाढू लागतो, पहिल्या दोन आठवड्यांत तो सर्वाधिक असतो, आणि तीन महिन्यांनंतर बराच उतरतो. प्रतिबंधक औषध न देता रुग्णांची नियमित तपासणी केलेल्या कित्येक जुन्या अभ्यासांत निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांच्या पायांत गुठळ्या सापडल्या, आणि त्यांतील अनेकांच्या पायांवर बाहेरून काहीही दिसत नव्हते. पाय अजिबात हलत नसतील, सोबत मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडलेले असेल, वजन जास्त असेल, पूर्वी कधी गुठळी झालेली असेल, कर्करोग असेल किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर धोका आणखी वाढतो. बाई गरोदर असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर तेही डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना आपण होऊन सांगावे, कारण अपघाताच्या धावपळीत हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो.

डिस्चार्जच्या दिवशी लिहून घ्यायच्या गोष्टी

सर्वांत मोठी गफलत इस्पितळाच्या दारातच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आत असताना रोज पोटावर एक इंजेक्शन दिले जात असते. ते बहुधा एनोक्सापॅरिन, म्हणजे हेपॅरिनच्याच कुळातील, रक्त गोठण्याची क्रिया रोखणारे औषध असते. रक्तस्रावाची भीती नसल्यास ते इजेनंतर साधारण बहात्तर तासांच्या आत सुरू करतात. ज्यांचे पाय हलत नाहीत, त्यांच्यासाठी मज्जारज्जूच्या उपचारांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ते किमान ८ आठवडे चालू ठेवण्यास सांगतात, आणि अनेक तज्ज्ञ धोका पाहून तीन महिन्यांपर्यंत जातात. पण रुग्ण अठराव्या किंवा विसाव्या दिवशी घरी येतो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर हे इंजेक्शन कधी नसतेच, कधी ‘पाच दिवस’ एवढेच लिहिलेले असते, आणि घरचे समजतात की गरज संपली.

म्हणून कार्ड हातात पडताच एमवायच्या, म्हणजे शहरातील मोठ्या सरकारी इस्पितळाच्या, वॉर्डात असो की खासगी इस्पितळात, पुढील प्रश्न विचारून उत्तरे त्याच कार्डावर लिहून घ्यावीत. रक्त पातळ ठेवणारे औषध पुढे चालू आहे का? असल्यास नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत? बंद केले असल्यास कोणत्या कारणाने? घरी येण्यापूर्वी दोन्ही पायांच्या शिरांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाला आहे का, आणि त्यात काय दिसले? मूत्रपिंडाची क्रिया दाखवणारा क्रिएटिनिन आणि प्लेटलेट यांचे शेवटचे आकडे काय आहेत? मूत्रपिंड मंदावलेले असेल, तर एनोक्सापॅरिनचा डोस कमी करावा लागतो. हेपॅरिनच्या कुळातील औषधांनी काही रुग्णांच्या प्लेटलेट पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान झपाट्याने घटतात, म्हणून त्या काळातली रक्ततपासणी चुकवू नये.

वजनाचा प्रश्न वेगळाच आहे. गुठळी झाल्यावर द्यायचा डोस वजनावर ठरतो, आणि उभे राहू न शकणाऱ्या माणसाचे वजन कार्डावर अनेकदा अंदाजाने लिहिलेले असते. स्नायू झडल्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचे वजनही कामाचे राहत नाही. इस्पितळात व्हीलचेअरचा काटा नसेल, तर सियागंजसारख्या ठोक बाजारातील गोदामात असतो तसा जमिनीलगतचा प्लॅटफॉर्म काटा चालतो: आधी रुग्णासह व्हीलचेअर तोलावी, मग रिकामी खुर्ची तोलून ते वजन वजा करावे.

एनोक्सापॅरिन भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, तरीही दोन-तीन महिन्यांचा खर्च साध्या घराला जड जातो. आयुष्मान योजनेचा आधार मुख्यतः भरती असतानाच्या उपचारांना मिळतो. पैशांमुळे इंजेक्शन मधेच सोडण्याची वेळ येत असेल, तर गप्प न बसता डॉक्टरांना तसे सांगावे. कित्येक रुग्णांना गोळीच्या रूपातले औषध देता येते, पण तो बदल त्यांनीच करायचा आहे.

घरी इंजेक्शन देताना

इंजेक्शन रोज ठरलेल्या वेळी द्यावे. रुग्णाला पाठीवर किंवा किंचित टेकून झोपवावे, आणि बेंबीपासून किमान ५ सेंमी दूर, पोटाच्या एका बाजूची जागा निवडावी. आज डावी बाजू असेल, तर उद्या उजवी घ्यावी. त्वचेची घडी चिमटीत धरून सुई सरळ, पूर्ण आत घालावी, औषध सावकाश सोडावे, आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नये. तयार भरलेल्या सिरिंजमध्ये दिसणारा हवेचा छोटा बुडबुडा पूर्ण डोस देताना बाहेर काढायचा नसतो. तो काढताना औषधाचा थेंब वाया जातो. नंतर ती जागा चोळू नये, कारण चोळल्यास निळा डाग मोठा होतो. पोटाला संवेदना नसल्यामुळे रुग्णाला सुई कळत नाही, म्हणून जुने डाग, गाठ किंवा जखम असलेली जागा टाळण्याची जबाबदारी पूर्णपणे देणाऱ्याची राहते.

सिरिंज २५ अंशांखाली ठेवायची असते आणि ती गोठता कामा नये. इंदूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत ती खिडकीजवळच्या कपाटात किंवा गाडीच्या डिकीत राहू देऊ नये. वापरलेली सुई जाड, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकावी आणि डबा भरल्यावर महानगरपालिकेच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यातच द्यावा. आपल्या शहरात कचरा वेगळा करून देण्याची शिस्त आहे, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात गेलेली सुई सफाईमित्राच्या हातात घुसते, हे लक्षात ठेवावे. एखाद्या दिवशी डोस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम देऊ नयेत, डॉक्टरांना फोन करून विचारावे.

हे औषध चालू असताना ताप, अंगदुखी अशा कारणांसाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेवर दिली जाणारी सुई घेऊ नये, कारण स्नायूत रक्त साचू शकते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांसारख्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दात काढायचा असेल, तर दंतवैद्यांना आधी सांगावे. पाळी फार जात असेल, तर रक्त थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नये, कारण तिचा परिणाम नेमका उलट दिशेने होतो. काळी शौच, कॅथेटरच्या पिशवीत लाल लघवी, खुर्चीत बसवताना डोक्याला लागलेला मार, अथवा पूर्वी जिथपर्यंत संवेदना किंवा ताकद होती तिथून ती आणखी वर सरकून कमी होणे, यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

रोज सकाळी पायांची तपासणी

ही पायरी मी प्रत्येक घराला सर्वांत आधी शिकवते, कारण तिला खर्च नाही आणि ती खरोखर उपयोगी पडते. सकाळी रुग्णाला खुर्चीत बसवण्यापूर्वी, झोपलेल्या अवस्थेत, दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहावे. दिवसभर बसल्यावर दोन्ही पावलांवर सूज येणे अनेकांना नेहमीचेच असते, म्हणून संध्याकाळचे माप गोंधळात टाकते.

गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्यापासून बरोबर १० सेंमी खाली पेनाने खूण करावी. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंमी वर मांडीवर दुसरी खूण करावी. शिंप्याच्या टेपने, न आवळता, दोन्ही पायांचा घेर मोजून वहीत तारखेसह लिहावा. सुरुवातीच्या आठवड्यात मिळालेले आकडे हे त्या माणसाचे स्वतःचे आकडे असतात, आणि त्यांच्याशीच तुलना करायची असते. एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा ३ सेंमी किंवा अधिक वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एकाच पायाचे माप एक-दोन दिवसांत सेंटीमीटरभर वाढले आणि उतरत नसेल, तरीही निदान फोन करावा. फक्त पोटरी मोजून थांबू नये, कारण जांघेतील मोठ्या शिरेत झालेली गुठळी संपूर्ण मांडी जड करते, आणि फुफ्फुसाला तिचाच धोका अधिक असतो.

टेपनंतर हाताची पालथी बाजू दोन्ही पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर ठेवून कोणता भाग अधिक गरम लागतो ते पाहावे. रंग लालसर किंवा निळसर झाला आहे का, त्वचा ताणून चकाकते आहे का, वरवरच्या शिरा फुगल्या आहेत का, तेही पाहावे. थर्मामीटरने ताप घ्यावा. कारण न सापडणारी बारीक कणकण हे कधी कधी एकमेव लक्षण असते. ताप आला की लघवीच्या संसर्गाचे औषध सुरू करून मोकळे होण्याची आपल्याकडे घाई असते, पण पाय मोजल्याशिवाय ती करू नये. एकाएकी पायांची ओढ म्हणजे स्पॅस्टिसिटी वाढली, तरी पाय नीट पाहावेत.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीची असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. अशा रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवीच ९० ते ११० च्या आसपास असतो. तो अचानक २० ते ४० ने वाढला, डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला आणि वरच्या अंगाला घाम फुटला, तर खाली कुठेतरी काहीतरी बिघडल्याचा तो इशारा असतो. त्या वेळी रुग्णाला ताठ बसवून कपडे व पट्टे सैल करावेत, कॅथेटर मुडपले आहे का आणि शौच साचली आहे का ते पाहावे. कारण सापडले नाही, तर पायातील गुठळीही असू शकते, म्हणून थेट इस्पितळात न्यावे.

मालिश

आपल्या घरांतील प्रेमाची रीत इथे धोक्याची ठरते, त्यामुळे याबद्दल अधिक लिहिणे मला भाग आहे. पाय निर्जीव झाला की आजी किंवा काकू तेल कोमट करून घेतात, कधी मालिशवाली ठरवली जाते, आणि ‘रक्त फिरले की पाय हलेल’ असे सगळ्यांनाच मनापासून वाटते. त्या हातांमागची माया खरी आहे, पण खोल शिरेत ताजी गुठळी असताना जोर लावून चोळल्यास ती सुटून फुफ्फुसाकडे जाऊ शकते, आणि रुग्णाला दुखत नसल्यामुळे थांबा असे म्हणणारे कोणी नसते. पहिल्या तीन महिन्यांत पोटऱ्या आणि मांड्या दाबून मालिश करूच नये, असा माझा आग्रह असतो. त्वचा कोरडी पडत असेल, तर तेल हलक्या हाताने पुसल्यासारखे लावावे. ज्या पायाची सूज किंवा ऊब एका बाजूनेच वाढली आहे, त्याला डॉपलर होईपर्यंत तेल, शेक, व्यायाम किंवा पट्टी यांपैकी काहीही करू नये. आजींना हे सांगताना ‘तुमच्या मालिशमुळे झाले’ असा सूर लावू नये. पायाऐवजी खांदे आणि हात सोपवावेत, कारण खुर्ची ढकलणाऱ्याचे खांदे रोज थकतात.

सांधे हलवण्याचे व्यायाम चालू ठेवावेत, कारण ते सांधे आखडू देत नाहीत. तथापि ते गुठळीपासून वाचवतात, या भरवशावर औषध कधीही बंद करू नये.

पट्टे, मोजे, पाणी, प्रवास

इस्पितळात पायांना गुंडाळून हवेने आवळणारे पंप लावले जातात, आणि सुरुवातीच्या दिवसांत ते चांगले काम करतात. घरी ते आणायचे असतील आणि मधे काही दिवस औषध व पंप दोन्ही बंद राहिले असतील, तर डॉपलर करूनच लावावेत. घट्ट मोजे योग्य मापाचेच असावेत आणि त्यांना घडी पडू देऊ नये. ते दिवसातून दोनदा काढून टाच, घोटा आणि गुडघ्यामागची त्वचा पाहावी, कारण संवेदनाहीन पायावर मोज्याची एक घडीही जखम करते. पायाच्या धमन्या आधीच अरुंद असतील, तर मोजे टाळावेत. लघवीच्या पिशवीचा पट्टा मांडीला आवळलेला नसावा, आणि गुडघ्यांखाली कायमची उशी ठेवू नये. कॅथेटर कमी वेळा लावावे लागावे म्हणून पाणी कमी पिण्याची सवय अनेकांना लागते, विशेषतः उन्हाळ्यात. डॉक्टरांनी पाण्याचे जे प्रमाण सांगितले असेल, ते पाळावेच.

इंदूरची मराठी कुटुंबे दुसरे मत घ्यायला पुणे किंवा मुंबई गाठतात. पुणे सुमारे ६०० किलोमीटरवर आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत बसून केलेला इतका लांबचा प्रवास मला पटत नाही. आधी कागदपत्रे आणि एमआरआय पाठवून सल्ला घ्यावा. जाणे अटळ असेल, तर इंजेक्शनची वेळ न मोडता, आडवे झोपवून, मधे थांबत, घोटे हलवत आणि पाणी देत न्यावे.

शंका आली की

पाय सुजला असेल आणि श्वास ठीक असेल, तर त्याच दिवशी ‘दोन्ही पायांचा व्हीनस (म्हणजे शिरांचा) कलर डॉपलर’ करून घ्यावा. चिठ्ठीवर नुसते डॉपलर लिहिलेले असल्यास धमन्यांची तपासणी होऊन निघून यावे लागते, म्हणून शब्द वाचून घ्यावा. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. रिपोर्ट स्वच्छ आला, पण सूज वाढतच असेल, तर आठवड्याभरात ती पुन्हा करावी लागते. डी-डायमर ही रक्ततपासणी अपघात, शस्त्रक्रिया आणि संसर्ग यांतही वाढलेली येते, त्यामुळे तिचा वाढलेला आकडा गुठळीचा पुरावा ठरत नाही. सुजेचे कारण दुसरेही असू शकते: न कळलेले फ्रॅक्चर, त्वचेचा संसर्ग, किंवा नितंब व गुडघ्याच्या सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होणे. पण हा निवाडा घरी करायचा नसतो.

गुठळी सापडल्यास पूर्ण मात्रेचे औषध किमान तीन महिने चालते. त्या पायाचे व्यायाम साधारण ४८ ते ७२ तास, औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंत थांबवतात आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू करतात. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी असेल, तर आयएनआर (रक्त किती वेळात गोठते ते दाखवणारा आकडा) बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पालक, मेथी यांमुळे या गोळीचा परिणाम बदलतो, तरी त्या सोडायच्या नसतात, मात्र आठवड्यातले प्रमाण सारखे ठेवावे.

श्वास अचानक लागला, नाडी नेहमीपेक्षा खूप वाढली, घेरी आली, खोकल्यातून रक्त पडले, किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा नेहमीपेक्षा तीन-चारने खाली येऊन तसाच राहिला, तर गुठळी फुफ्फुसात गेली असे धरून लगेच १०८ ला फोन करावा. छातीत दुखेल याची वाट पाहू नये, कारण इजेच्या पातळीखालची छाती दुखेलच असे नाही. मानेच्या इजेत नाडी एरवी मंद असते, म्हणून तिचा ९० हा आकडाही वाढलेला असू शकतो. रुग्णाला बसते करण्यास डॉक्टरांनी पूर्वीच परवानगी दिली असेल, तर पाठीशी आधार देऊन टेकवावे, आणि उगाच खुर्चीत-पलंगावर हलवू नये. इमर्जन्सीत पोहोचताच पहिले वाक्य असे असावे: ‘मज्जारज्जूची इजा आहे, पाय हलत नाहीत, फुफ्फुसात गुठळीची शंका आहे, शेवटचे इंजेक्शन अमुक वाजता दिले.’ एवढे ऐकल्यावर तिथल्या डॉक्टरांना सीटी अँजिओग्राफीचा विचार तातडीने करता येतो.

तीन महिने उलटून औषध थांबल्यानंतर रोजचे माप आठवड्यातून एकदा घेतले तरी चालते. मात्र पुढे कोणत्याही वर्षी शस्त्रक्रिया झाली, पायाचे हाड मोडले, न्यूमोनियासारखा आजार झाला किंवा बेडसोअरमुळे अनेक दिवस पलंगावर पडून राहावे लागले, तर धोका पुन्हा वर येतो. त्या प्रत्येक वेळी भरतीच्या पहिल्याच दिवशी ‘गुठळी होऊ नये म्हणून काय देणार आहात?’ असे विचारावे आणि मापांची वही सोबत न्यावी.